तिसरी भाषा कुणाचं बोट धरून चालते?

सोलापूरच्या पूर्व भागातला पाचवी-सहावीतला एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणा. घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पहिलीपासून आणि हिंदी पाचवीपासून. हिंदीच्या तासाला तो म्हणतो, 'बाहर से आवाज आया', 'बारिश आया', 'चाय ठंडा हो गया'. तोच मुलगा 'गाड़ी आयी', 'खिड़की टूट गयी' ही वाक्यं मात्र बिनचूक म्हणतो. बाई पहिल्या तीन वाक्यांखाली लाल रेघ ओढतात, 'लिंगाचा सराव कर' असा शेरा लिहितात आणि पुढची वही घेतात. साठ वह्या तपासायच्या असताना दुसरं काही करताही येत नाही.

माणसं दुसरी-तिसरी भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या भाषावैज्ञानिकाचं काम याच पाच वाक्यांपासून सुरू होतं. मुलगा चुकला हे त्याला दिसतंच. त्याला पडणारा प्रश्न वेगळा असतो: याच तीन ठिकाणी का चुकला आणि त्या दोन ठिकाणी का नाही?

मराठी वाचकाला उत्तर सापडायला वेळ लागणार नाही. आवाज आला, पाऊस आला, चहा थंड झाला. तिन्ही शब्द मराठीत पुल्लिंगी, आणि हिंदीत आवाज, बारिश, चाय हे तिन्ही स्त्रीलिंगी. गाडी आणि खिडकी दोन्हीकडे स्त्रीलिंगी. म्हणजे मुलाने हिंदी शब्दांना मराठीचं लिंग लावलं. जिथे दोन्ही भाषा जुळतात तिथे ते बरोबर बसलं, जिथे जुळत नाहीत तिथे फसलं.

पण या मुलाची मातृभाषा मराठी नाही. तेलुगूत निर्जीव वस्तूंची अशी पुल्लिंगी-स्त्रीलिंगी विभागणीच नसते. एकवचनात 'अम्मा वच्चिंदि' म्हणजे आई आली आणि 'बस्सु वच्चिंदि' म्हणजे बस आली, क्रियापद तेच. वेगळं रूप लागतं ते पुरुषासाठी. त्याने आधार तेलुगूचा घेतला असता, तर आवाज आणि गाडी यांत फरक करायला त्याला कारणच नव्हतं. दोन्हींना एकच रूप लावून तो मोकळा झाला असता. त्याने फरक केला, तोही मराठीच्या रेषेवर. हिंदीकडे जाताना या पोराने आईच्या भाषेचं बोट सोडून शाळेत शिकलेल्या भाषेचं धरलं.

हे असं का होतं, नेहमी होतं का, कोणत्या वयात होतं, व्याकरणाच्या कोणत्या भागात होतं आणि कोणत्या भागात नाही, या प्रश्नांवर जगभरात काही माणसांनी आपली तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं घातली आहेत. त्या कामाची ओळख करून द्यावी, म्हणून हा लेख. सोलापुरातून तो लिहिण्याला कारण आहे: या विषयासाठी जी परिस्थिती युरोपातल्या संशोधकांना शोधत फिरावी लागते, ती आपल्याकडे प्रत्येक गल्लीत आहे.

आधी दुसऱ्या भाषेची गोष्ट, कारण तिसरीचा विचार तिच्या पोटातूनच आला. १९५७ साली अमेरिकेत रॉबर्ट लॅडो यांनी एक साधा, पटण्याजोगा विचार मांडला. शिकणाऱ्याची भाषा आणि शिकायची भाषा समोरासमोर ठेवा. जिथे साम्य तिथे शिकणं सोपं, जिथे फरक तिथे अवघड. म्हणजे दोन व्याकरणं नीट ताडून पाहिली की चुका आधीच सांगता येतील. भाषाशिक्षणाची कितीतरी पुस्तकं या विचारावर लिहिली गेली.

प्रत्यक्ष चुका गोळा करायला सुरुवात झाली तेव्हा मात्र हिशेब जुळेना. भाकीत केलेल्या कितीतरी चुका होतच नव्हत्या आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेल्या चुका सगळेच करत होते. १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी म्हटलं की शिकणाऱ्याच्या चुकीकडे खिडकी म्हणून पाहा. त्याच्या डोक्यात या क्षणी कोणता नियम आहे ते तिच्यातून दिसतं. घाईत जीभ घसरली ती वेगळी आणि पुन:पुन्हा एकाच पद्धतीने होणारी चूक वेगळी. दुसऱ्या प्रकारची चूक म्हणजे शिकणाऱ्याने स्वत: बांधलेला नियम. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या अवस्थेला इंटरलँग्वेज असं नाव दिलं. मराठीत आपण तिला मधली भाषा म्हणू. ती मातृभाषेसारखी नसते, शिकायच्या भाषेसारखीही नसते. तिचं स्वत:चं व्याकरण असतं, रोज थोडं बदलणारं. काही बाबतींत ते बदलणं कायमचं थांबतं. वीस-वीस वर्षं उत्तम मराठी बोलणारी माणसं एखाद्या विभक्तीवर अडूनच राहतात, ती याच कारणाने.

१९७४ मध्ये हाइडी डूले आणि मरीना बर्ट यांनी अमेरिकेत इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिशभाषक आणि चिनीभाषक मुलांची तुलना केली. या दोन भाषांचं एकमेकींशी काही नातं नाही. तरी इंग्रजीचे व्याकरणिक प्रत्यय ही मुलं जवळजवळ त्याच क्रमाने आत्मसात करत होती. क्रियापदाला लागणारा 'आयएनजी' लवकर येतो, 'ही गोज' मधला शेवटचा 'एस' फार उशिरा. आपल्या शाळांत पाहा. 'ही गो टू स्कूल' हे वाक्य तेलुगू घरातलं मूल म्हणतं, कन्नड घरातलं म्हणतं, उर्दू घरातलं आणि मराठी घरातलंही म्हणतं. 'घरी दुसरी भाषा बोलतात ना, म्हणून' असं पालकांना सांगितलं जातं ते इथे लागू पडत नाही. ती चूक इंग्रजी शिकण्याच्या वाटेवरचा एक टप्पा आहे. सगळ्यांना त्यावरून जावं लागतं.

म्हणजे एखादी चूक मातृभाषेतून आलेली असू शकते किंवा वाटेवरच्या टप्प्याची असू शकते. दोन भाषांपुरतं हे कोडं सुटण्याजोगं होतं. तिसरी भाषा आली की संशयितांची संख्या वाढते.

फिनलंडमध्ये हे आधी लक्षात आलं. तिथे फिनिश बोलणारे बहुसंख्य आणि स्वीडिश बोलणारे थोडे. शाळा, हवामान, रस्ते दोघांचे सारखे. स्वीडिश ही इंग्रजीची नात्यातली भाषा, फिनिश अगदी परक्या कुळातली. होकान रिंगबोम यांनी दोन्ही गटांचं इंग्रजी वर्षानुवर्षं तपासलं. स्वीडिश मुलांना इंग्रजी सोपं जात होतं, हे अपेक्षितच होतं. पण फिनिश मुलांच्या इंग्रजी निबंधांतही उसने आलेले शब्द दिसत ते बहुधा स्वीडिशचे. स्वीडिश त्यांनी शाळेत शिकलेली होती. आईची भाषा हाताशी असताना ही मुलं नंतर शिकलेल्या भाषेच्या कपाटात हात घालत होती.

याहून जवळून पाहिलेलं उदाहरण सेरा विल्यम्स यांचं. त्या स्वत: भाषा-अभ्यासक, मातृभाषा इंग्रजी, जर्मन उत्तम येत असलेल्या. त्या स्वीडनला गेल्या आणि स्वीडिश शिकू लागल्या. तेव्हा त्यांच्या संभाषणांचं सुरुवातीपासून ध्वनिमुद्रण होत गेलं आणि ब्यॉर्न हामरबेर्य यांच्याबरोबर त्यांनी स्वत:च्याच बोलण्याचं विश्लेषण केलं. १९९८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात दिसलेली कामाची वाटणी विलक्षण आहे. स्वीडिश शब्द आठवेना की त्या शब्द घडवायच्या ते जर्मनच्या साच्यातून. इंग्रजी तोंडात यायचं ते 'याला काय म्हणतात?' किंवा 'थांबा, चुकलं' अशा वाक्याबाहेरच्या बोलण्यासाठी. दोन्ही जुन्या भाषा जाग्या होत्या, पण वाक्याच्या आत शिरण्याचा मान जर्मनला मिळाला होता.

१९९९ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला तिसऱ्या भाषेच्या आत्मसातनावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिथून हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला. लगेच मतभेदही सुरू झाले. मला या विषयात सगळ्यात रस वाटतो तो या मतभेदांत, कारण दोन्ही बाजूंची कारणं सबळ आहेत.

कामिला बार्देल आणि इल्वा फाल्क यांनी २००७ मध्ये मांडलं की तिसऱ्या भाषेत वरचष्मा दुसऱ्या भाषेचाच राहतो. त्यांनी स्वीडिश किंवा डच नव्याने शिकणाऱ्यांच्या वाक्यांत नकारार्थी शब्द कुठे बसतो ते तपासलं. ज्यांची दुसरी भाषा या बाबतीत उपयोगी होती त्यांना ते जमलं. ज्यांची मातृभाषा उपयोगी होती पण दुसरी भाषा इंग्रजी होती, ते अडखळले. कारण असं दिलं जातं की मातृभाषा आपण नकळत उचलतो, तिचे नियम आपल्याला सांगताही येत नाहीत. दुसरी आणि तिसरी या जाणीवपूर्वक शिकलेल्या भाषा, म्हणून मेंदूत त्या एकमेकींच्या शेजारी राहतात.

जेसन रोथमन यांचं म्हणणं निराळं. पहिली की दुसरी हे गौण. नवी भाषा कानावर पडू लागली की मेंदू फार लवकर अंदाज बांधतो की आपल्याकडच्या कोणत्या भाषेशी हिची ठेवण जुळते. शब्द, उच्चार, प्रत्यय, वाक्याची रचना यांवरून तो ठरवतो आणि त्या भाषेचं व्याकरणच्या व्याकरण उचलून नव्या भाषेच्या तळाशी ठेवतो. त्यांनी इटालियन मातृभाषेचे, इंग्रजी येणारे आणि स्पॅनिश शिकणारे लोक घेतले. शिवाय इंग्रजी मातृभाषेचे, स्पॅनिश येणारे आणि ब्राझीलची पोर्तुगीज शिकणारे घेतले. विशेषण नामाच्या आधी येतं की नंतर, आणि त्याने अर्थ कसा बदलतो, हे तपासलं. दोन्ही गटांना जवळच्या नात्यातल्या भाषेचा फायदा झाला. एका गटाची ती पहिली होती, दुसऱ्याची दुसरी.

मारित वेस्टरगोर आणि त्यांचे सहकारी म्हणतात की सगळं व्याकरण एकदम उचललं जातच नाही. एकेका रचनेपुरती, जिथे जी भाषा जवळची तिथे ती मदतीला येते. त्याआधी २००४ मध्ये सुझॅन फ्लिन आणि सहकाऱ्यांनी कझाक-रशियन-इंग्रजी अशा शिकणाऱ्यांवरून सांगितलं होतं की आधीच्या सगळ्याच भाषा मदत करतात आणि जी मदत करू शकत नाही ती निदान गप्प बसते. हे शेवटचं फारच आशावादी आहे असं माझं मत. 'बारिश आया' म्हणणारं पोर तेच सांगतं.

आता आपला तेलुगू घरातला मुलगा पुन्हा घ्या. त्याच्या हिंदीवर मराठीचा ठसा आहे. बार्देल-फाल्क म्हणतील, बघा, दुसरी भाषा. रोथमन म्हणतील, बघा, जवळची भाषा. मराठी त्याच्यासाठी दोन्ही आहे! म्हणजे हा मुलगा कितीही मनमोकळं बोलला तरी या वादाचा निकाल त्याच्याकडून लागणार नाही. संशोधनाची खरी कसरत इथे आहे. असा माणूस शोधायचा, ज्याच्याबाबतीत दोन्ही मतांची भाकितं वेगवेगळी निघतील.

सोलापुरात तो माणूस सापडतो. अक्कलकोट तालुक्यात मराठी घरातलं, पण गल्लीत खेळता खेळता कन्नड शिकलेलं मूल घ्या, जे आता हिंदी शिकतंय. दुसरी भाषा जिंकत असेल तर त्याच्या हिंदीत कन्नड उतरायला हवी. जवळची जिंकत असेल तर मराठी. किंवा तेलुगू घरातली, मराठी शाळेत शिकलेली आणि कामाच्या ठिकाणी मैत्रिणींकडून कन्नड शिकणारी बाई घ्या. तिच्या कन्नडमध्ये मराठी दिसते की तेलुगू? तेलुगू आणि कन्नड एकाच द्रविड कुळातल्या. इथे पहिल्या मताचं भाकीत मराठी, दुसऱ्याचं तेलुगू. अशा दोन-तीन जोड्या समोरासमोर ठेवल्या की कोडं उलगडायला लागतं. युरोपातल्या एखाद्या विद्यापीठाला असे गट जमवायला जाहिराती द्याव्या लागतात.

एक धोका मात्र सांगायलाच हवा, कारण घाईत काम करणारे इथेच फसतात. मुलगा 'चाय ठंडा हो गया' म्हणाला म्हणजे ते मराठीतून आलं असं गृहीत धरता येत नाही. त्याच्या गल्लीत, चहाच्या टपरीवर, रिक्षात जी हिंदी बोलली जाते तिच्यातच 'चाय ठंडा हो गया' असेल तर? मग त्याने चूक केलेलीच नाही. जे कानावर पडलं ते त्याने अचूक उचललं. सोलापुरात मुस्लिम घरांतून बोलल्या जाणाऱ्या दखनीचं, म्हणजे दक्षिणेकडच्या उर्दूचं, असंच आहे. प्रमाण हिंदीत 'उसने रोटी खायी', दखनीत 'वो रोटी खाया'. भूतकाळी कर्त्याला 'ने' लावायची आणि क्रियापद कर्माप्रमाणे फिरवायची रीत दखनीने टाकून दिली आहे. शेजारच्या द्रविड भाषांत ती रीत नाही, त्या सहवासाने हे घडलं असं बरेच अभ्यासक मानतात. आता तेलुगू घरातलं मूल मराठीत 'तो भाकरी खाल्ला' म्हणतं आणि हिंदीत 'वो रोटी खाया' म्हणतं. पहिलं वाक्य तेलुगूच्या धाटणीवर आहे असं म्हणता येईल. दुसरं तेलुगूतून आलं, की शेजारच्या दखनीतून? मुलाचं बोलणं ध्वनिमुद्रित करून भागत नाही, त्याच्या कानावर काय पडतं तेही ध्वनिमुद्रित करावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याशिवायचं संशोधन कच्चं आहे.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म. आधीच्या भाषेने केलेली मदत दिसत नाही. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन शब्द आहेत: ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर आपण, त्याला वगळून बोलायचं तर आम्ही. हिंदीभाषक मराठी शिकताना इथे हमखास घसरतो, कारण त्याच्याकडे एकच 'हम'. पाहुण्याला 'आम्ही जेवायला बसू' म्हणतो आणि पाहुणा बिचारा अवघडतो. तेलुगू मुलाला यात काही शिकावंच लागत नाही. त्याच्या घरात 'मनं' म्हणजे आपण आणि 'मेमु' म्हणजे आम्ही, हा भेद रोज वापरात आहे. तो बरोबर बोलतो, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. चुका मोजणाऱ्या अभ्यासात तेलुगूच्या नावावर फक्त उणे गुण जमा होतात. तिने फुकट दिलेलं कुठेच मोजलं जात नाही. शाळेत तर हे रोजच होतं. 'घरी मराठी बोला म्हणजे सुधारेल' हा सल्ला सोलापुरात कितीतरी आयांना दिला गेला आहे. त्या आयांनी मोडक्या मराठीत मुलाशी बोलायचा प्रयत्न केला, आणि मूल गोष्टी, कोडी, म्हणी, भांडणं अशा सगळ्या समृद्ध तेलुगूला मुकलं. हा सल्ला चुकीचा आहे. जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेला विचार असा की एका भाषेत कमावलेली समज, वाचन, युक्तिवाद हे दुसऱ्या भाषेत वापरता येतात. पहिली भाषा भक्कम असेल तर पुढच्यांना पाया मिळतो. स्पेनमधल्या बास्क प्रदेशात हसोने सेनोस आणि होसे व्हालेन्सिया यांनी १९९४ मध्ये दाखवलं की बास्क आणि स्पॅनिश दोन्ही येणारी मुलं तिसरी भाषा म्हणून इंग्रजी अधिक चांगलं शिकत होती. ओडिशात अजित मोहंती यांनी कोंध या आदिवासी समाजातल्या मुलांचा अभ्यास केला, तिथेही कुई ही आपली भाषा आणि ओडिया दोन्ही येणारी मुलं बुद्धीच्या कसोट्यांत पुढे होती.

आपल्या शेजारचंही एक काम जगभर शिकवलं जातं, आणि इकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या भाषांवर लेख प्रसिद्ध केला. तिथे कन्नड, मराठी आणि उर्दू, थोडी तेलुगूही, पिढ्यानपिढ्या शेजारी नांदत होत्या. शब्द प्रत्येक भाषेने आपापले राखले, पण वाक्यांची घडण इतकी एक झाली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येत होतं. तिथल्या मराठीत लिंगही कन्नडच्या वळणावर गेलेलं: पुरुष पुल्लिंगी, बायका स्त्रीलिंगी, बाकी सगळं नपुंसकलिंगी. आपल्याकडे दक्षिण सोलापूर-अक्कलकोट भागात 'गाडी आलं' ऐकू येतं, त्यामागे कन्नडचं 'गाडी बंतु' आहे. एका माणसाच्या मधल्या भाषेत जे काही महिने दिसतं ते गावाच्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या केलं की ती त्या गावची भाषा होते. मग तिला चूक कोण म्हणणार?

वयाचा प्रश्न आल्याशिवाय राहत नाही, विशेषत: पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा सरकारी निर्णय २०२५ मध्ये आला, त्यावर रान उठलं आणि जून संपता संपता तो मागे घेतला गेला, त्यानंतर. 'लहान वयात भाषा पटकन येते' हे वाक्य दोन्हीकडचे लोक वापरत होते. एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ मध्ये भाषा शिकण्याच्या वयोमर्यादेची कल्पना मांडली. १९८९ मध्ये जॅकलिन जॉन्सन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी अमेरिकेत आलेल्या ४६ चिनी-कोरियन मातृभाषकांना तपासलं. जे लहानपणी आले त्यांचं इंग्रजी व्याकरण पुढे जास्त पक्कं निघालं. २०१८ मधला ऑनलाइन अभ्यास सुमारे ६ लाख ७० हजार लोकांचा होता आणि त्याने ही शिकण्याची क्षमता १७ वर्षांच्या आसपासपर्यंत टिकते असं म्हटलं; त्यावर वादही झाला. पण हे सगळे त्या भाषेच्या देशात राहणारे किंवा तिच्यात बुडालेले लोक. शाळेत आठवड्याला चार-पाच तासिका, ही गोष्ट वेगळी. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या गटाने ८ व्या वर्षी आणि ११ व्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची, तेवढेच तास झाल्यावर, तुलना केली. उशिरा सुरू केलेली मुलं पुढे होती. लहान मुलाला भाषा येते ती भरपूर कानावर पडल्याने, दिवसभर, खेळताना, भांडताना. तासिकेत तेवढं पडत नाही. मोठ्या मुलाला नियम समजतो, म्हणून थोड्या वेळात तो जास्त नेतो. धोरण ठरवताना हा फरक कुणी बोलून दाखवला असता तर चर्चा बरी झाली असती.

अशा कामात माणसाचं आयुष्य कसं जातं? बहुतेकांची सुरुवात भाषाविज्ञानाच्या एम.ए.ने होते. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्याचं डेक्कन कॉलेज. हैदराबादला इंग्रजी आणि परकीय भाषांचं केंद्रीय विद्यापीठ. म्हैसूरला १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था, जिची पश्चिम विभागाची शाखा पुण्यात आहे. मग पीएच.डी., आणि त्यात एकच बारीक प्रश्न. 'भाषा कशी शिकतात' हा पीएच.डी.चा विषय होत नाही. 'तेलुगू मातृभाषेची मुलं हिंदी नामांचं लिंग कशावरून ठरवतात' हा होतो. ध्वनिमुद्रण करायला तास लागतो, ते शब्दन्‌शब्द, अडखळण्यासकट लिहून काढायला दिवस जातो. त्यानंतर वाक्य बरोबर की चूक ते ठरवायला लावणाऱ्या चाचण्या, वाचताना कोणत्या शब्दापाशी किती मिलिसेकंद थांबला ते मोजणं, डोळ्यांच्या हालचाली टिपणं, प्रयोगशाळा असेल तर मेंदूतल्या विद्युतलहरींची नोंद. संख्याशास्त्र शिकल्याशिवाय आता इलाज नाही. पुढच्या वर्षांत तोच प्रश्न दुसऱ्या भाषांवर, दुसऱ्या वयोगटावर, मग त्याच मुलांवर पुन्हा पाच वर्षांनी. पंचविसाव्या वर्षी घेतलेला विषय पन्नाशीत संपतो असं नाही, आणि त्यात निराश होण्यासारखंही काही नाही. वर्गातल्या शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून वाट वाकडी करणारेही असतात. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या, मुख्यत: बंगळुरू आणि मद्रासच्या साध्या शाळांत, व्याकरण न शिकवता नकाशे, वेळापत्रकं, कोडी सोडवायला देऊन इंग्रजी शिकवून पाहिलं. आज जगभर जी कृतीवर आधारलेली भाषाशिक्षणाची पद्धत म्हणून ओळखली जाते तिच्या मुळाशी हा प्रयोग आहे.

सोलापूरचं काम अजून कुणीतरी करायचं आहे. तिसऱ्या भाषेचे बहुतेक सिद्धांत युरोपातल्या वर्गांवर उभे आहेत, जिथे पहिली घरी, दुसरी शाळेत, तिसरी नंतर, असा सरळ क्रम असतो. विडी कारखान्याच्या ब्रँचवर माल देऊन घरी येणाऱ्या बाईला विचारा, तुम्हाला कोणती भाषा कधी आली? घरात तेलुगू, शेजारणीशी कन्नड, बाजारात मराठी, समोरच्या खालांशी दखनी. कोणती दुसरी आणि कोणती तिसरी हे तिलाच सांगता येणार नाही. जनगणनेतही मातृभाषेखेरीज दोनच भाषा नोंदवायची सोय असते. २०११ च्या आकड्यांत देशातले सुमारे २६ टक्के लोक द्विभाषक आणि ७ टक्के त्रिभाषक दिसतात. या बाईची चौथी भाषा त्या कागदावर नाहीच.

इथल्या कुणा विद्यार्थ्याला हे करावंसं वाटलं तर प्रश्नावलीत 'मातृभाषा' अशी एकच रिकामी जागा ठेवू नये. आई मुलाशी कोणत्या भाषेत बोलते, आजी कोणत्या, भावंडं आपसात कोणत्या, मूल रागावतं तेव्हा कोणत्या, गल्लीतला क्रिकेटचा खेळ कोणत्या, टीव्ही कोणत्या, असं वेगवेगळं विचारावं. कोणती भाषा कोणत्या वर्षी कानावर पडू लागली तेही. पालकांची लेखी संमती त्यांना वाचता येणाऱ्या लिपीत घ्यावी, मग ती तेलुगू असो, कन्नड असो की उर्दू. शब्दयादीत लिंग जुळणारे आणि न जुळणारे शब्द सारख्या संख्येने असावेत: एका बाजूला गाडी, खिडकी, हवा, दुसऱ्या बाजूला आवाज, पाऊस-बारिश, चहा-चाय. आणि मुलाला बोलतं करण्याआधी त्याच गल्लीतल्या चार-पाच मोठ्या माणसांकडून तेच शब्द हिंदीत बोलून घ्यावेत.